उजवीकडचा पडदा

माझ्या मुलाला घरात सगळे 'उद्या' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. नळ गळतोय म्हणा, उद्या बघू. भिंतीचे पोपडे पडतायत म्हणा, उद्या बघू. बायकोला ताप भरलाय म्हणा, तरी चपलेत पाय सरकवत, दाराकडे बघत, उद्या बघू गं. 'नाही' कधी म्हणत नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. उद्याशी कुणी आणि कसं भांडायचं?

आमचं पडद्यांचं दुकान. खाली दुकान, वर घर. नवरा गेला तेव्हा मुलगा सोळा वर्षांचा होता. मशीन नवऱ्याचं होतं, कात्री माझी. मी चौथीत शाळा सोडली, पण एका ठाणातून किती खिडक्यांचे पडदे निघतील हे मला ठाण न उलगडता कळतं. आणि पडदा टांगून झाला की मी दारात उभी राहते, डावा डोळा मिटते आणि उजव्यानं वरून खाली एकदा बघते. बास. कुठं दोन धाग्यांचा झोल असला तरी तो माझ्या उजव्या डोळ्यात टोचतो. टेप खोटी पडेल, माझा उजवा डोळा कधी खोटा पडला नाही. समोरच्या दुकानातला चष्मेवाला, तोही पडदेच शिवतो, दोन बोटं जाड काचा लावून, त्यानं मला किती वेळा म्हटलं असेल, "वहिनी, तुमचा तो डोळा मला उसना द्या." मी म्हणायची, "दिला असता, पण तुमच्या नाकावर जागा कुठं आहे?"

तर यंदा माझ्या कपाळाची उजवी बाजू जळायला लागली. कुणीतरी इस्त्रीचं टोक टेकवून धरावं तशी. मी म्हटलं, नव्या कापडाची खळ बाधली असेल. डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि दोन दिवस काम केलं. सून म्हणाली, "आई, दाखवून येऊ." मी म्हटलं, "होईल बरं." तिसऱ्या दिवशी फोड आले. भुवईपासून केसांत वरपर्यंत, आणि कपाळाच्या बरोब्बर मध्यावर खडूनं रेघ मारल्यासारखे थांबलेले. डावीकडे एक नाही. आमच्याकडे पडद्यांना इस्त्री करणारे भाऊ आहेत, जुने. त्यांनी रुमाल उचलून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ही नागीण."

सासूच्या कपाळावर नागीण निघाली याचं सुनेला काही नवल वाटलं नाही. ओठ दाबून हसली ती. मला दिसलं. तेव्हा मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं.

सून शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. मी तिला मास्तरीण म्हणते, कारण बोलताना बोट वर करते. तिनं बोट वर केलं, मुलाला हॉटेलात पडदे टांगायच्या कामावरून बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरीण निघाली सुनेपेक्षाही लहान. मला आजी म्हणाली. घरात नातवंडाचा पत्ता नाही, तेही उद्याच. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं.

"आजी, इथंही एक फोड आहे. इथं फोड म्हणजे डोळ्याला धोका. या गोळ्या दिवसातून पाच वेळा, एकही चुकवायची नाही. आणि फोड सुकले म्हणजे सुटलो असं समजू नका. क्वचित कुणाला होतं, पण होतं. आतल्या रक्ताच्या नळ्या सुजतात. अंधुक वाटलं, डोळ्यावर पडदा आल्यासारखं वाटलं, की त्याच तासाला इथं यायचं. दुखेलच असं नाही. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही. कळलं?"

हे 'कळलं' तिनं मुलाला विचारलं. तो शेजारच्या खुर्चीवर मोबाइलमध्ये डोकं घालून होता. हॉटेलच्या हॉलचे चाळीस पडदे होते, तिथल्या मॅनेजरचा निरोप आला होता. मान वर न करता म्हणाला, "हो हो, कळलं."

मला वाटलं, कळलं.

आठ दिवसांनी परत दाखवायला बोलावलं होतं. आठ दिवस झाले. मुलगा म्हणाला, "हॉटेलचं तेवढं उरकू दे, उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "मी रजा टाकते, मी नेते." तेव्हा मी काय म्हणाले ते लिहायलाच हवं. मी म्हणाले, "मला मुलगा आहे. तो नेईल." तिनं वर केलेलं बोट खाली घेतलं आणि ती शाळेत निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी, सव्वातीनला.

फोड सुकून खपल्या धरल्या होत्या. आग राहिली होती, पण सोसण्यासारखी. दुकानात एक बाई बसली होती, नवीन घर घेतलेली, तिला बैठकीसाठी कापड हवं होतं. मी मोतिया रंगाचा तुकडा उंच धरला, सवयीनं डावा डोळा मिटला आणि उजव्यानं बघितलं. आणि वरून काळं खाली यायला लागलं. दुकानाचं शटर कुणी आवाज न करता ओढावं तसं. अर्ध्यावर आलं, मग खाली टेकलं. उजव्या कोपऱ्यात एक फट राहिली, दाराखालून उजेड येतो तेवढी.

दुखलं नाही. टाचणी टोचते तेवढंही नाही.

मी डावा डोळा उघडला. दुकान जागच्या जागी होतं. बाई म्हणाली, "मावशी, हा रंग खोलीत उजळ दिसेल ना?"

मी म्हटलं, "उजळच दिसेल."

आता तुम्ही म्हणाल, आरडाओरडा का नाही केलास. मी गिऱ्हाइकासमोर ओरडणारी नव्हे. आणि पडद्याच्या दुकानात, कात्री हातात धरून, 'मला दिसत नाही' असं म्हणणारी तर नव्हेच नव्हे. तो चष्मेवाला तिकडून कान लावून बसलेला असतो, दिवेलागणीच्या आत सगळ्या रस्त्याला कळलं असतं. मी बाईच्या हातात नमुन्यांची वही दिली आणि मुलाला फोन लावला. डॉक्टरीण जे शब्द बोलली होती तेच बोलायचे ठरवले. त्याला कळतील, बाईला कळणार नाहीत.

"ऐक. उजवीकडचा पडदा खाली आलाय."

मागं भिंतीत भोकं पाडायच्या मशीनचा आवाज.

"कुठला गं?"

"उजवीकडचा म्हटलं ना. वरून खाली आला. पार काळा झालाय."

"बरं बरं. उद्या बघू."

"उद्या नाही, आत्ता ये. समोर गिऱ्हाईक बसलंय, मला जास्त बोलता येत नाही."

"मग त्यांना सांग ना उद्या या म्हणून! आई, शिडीवर उभा आहे मी."

फोन बंद.

मी पुन्हा फोन केला नाही. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही. नवऱ्यालाही दुसऱ्यांदा सांगत नव्हते. मनात म्हटलं, शिडीवरून उतरेल, पाय जमिनीला लागला की डोक्यात उजेड पडेल, धावत येईल. चार वाजले. पाच वाजले. बाई कापड पसंत करून गेली. इस्त्रीवाले भाऊ म्हणाले, "वहिनी, आज गप्प गप्प?" मी म्हटलं, "तुम्ही बोलताय तेवढं पुरे आहे."

सात वाजता आला. हातपाय धुतले, जेवायला बसला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "बघ गं, हॉल कसा दिसतोय."

मी डाव्या डोळ्यानं बघितलं. म्हटलं, "डावीकडून चौथा पडदा झोल मारतोय."

तो हसला. "तुझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही!"

आणि जेवत राहिला. दुपारच्या फोनचं नाव नाही. तो विचारेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. सून समोरच होती. तिला सांगता आलं असतं. पण सकाळीच तिला ऐकवलं होतं ना, मला मुलगा आहे म्हणून.

सकाळी मी कापायला उभी राहिले. खडूची रेघ माझीच, कात्री माझीच, आणि कापड रेघेपासून चार बोटं लांब कापलं गेलं. सून कामावर निघता निघता चहाचा कप न्यायला आली होती. तिनं तो तुकडा उचलला, रेघ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पुढं आली आणि तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

"आई, काय दिसतंय?"

"तुझा हात."

"हात डाव्या डोळ्यावर आहे. उजव्यानं काय दिसतंय?"

मी टेबलावरचा खडू चाचपायला लागले.

तिनं चहाचा कप तिथंच मोतिया कापडावर ठेवला. डाग पडला. मी त्यावरूनही काही बोलले नाही, तेव्हा ती खरी घाबरली.

दवाखान्यात मुलगा हॉटेलवरून परस्पर आला. खांद्यावर चुन्याची पूड. डॉक्टरणीनं डोळ्यात थेंब टाकले, अर्ध्या तासानं डोक्याला दिवा बांधून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मी कापडाचा दोष शोधते तेव्हा माझं तोंड जसं होतं, तसं तिचं झालं होतं, म्हणून मला आधीच कळलं.

"केव्हापासून दिसत नाही?"

"आज सकाळपासून," मुलगा म्हणाला. माझ्या तोंडचं उत्तर देण्यात मात्र तो उद्या लावत नाही.

"काल दुपारी सव्वातीनपासून," मी म्हटलं.

"काल? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं."

डॉक्टरणीनं आमचं भांडण थांबवून कागद ओढला आणि एक गोल काढला. "आजी, हा डोळा. हा मागचा पडदा. याच्यावर चित्र उमटतं. या पडद्याला रक्त नेणारी ही बारीक नळी. नागिणीनं ती आतून सुजली, तिथं रक्ताची गुठळी झाली आणि नळी बंद पडली. रक्त पोचलं नाही, म्हणून पडदा..."

ती पुढं बोलत होती, पण मी मुलाकडे बघत होते. त्याचा चेहरा खांद्यावरच्या चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"पडदा," तो म्हणाला. "तो पडदा? आई, मला वाटलं... अगं, मला वाटलं दुकानातला पडदा पडला. गिऱ्हाईक बसलंय म्हणालीस ना तू!"

"काळा म्हटलं मी. आपल्या दुकानात काळं कापड आहे? हॉटेलला चाळीस पडदे दिलेस, त्यात काळा एक तरी होता?"

"माझ्या लक्षात नाही आलं..."

"डॉक्टरबाईंनी तुझ्या समोर सांगितलं होतं. याच खुर्चीवर बसला होतास."

तो खुर्चीकडे बघायला लागला, जशी काही खुर्चीच साक्ष देणार होती.

मग मी डॉक्टरणीला विचारलं. सरळ विचारलं, "काल चार वाजता आले असते तर डोळा वाचला असता?"

खरं सांगते, तिनं 'हो' म्हणावं असं मला वाटत होतं. डोळा तर गेलाच होता. निदान बोट कुणाकडे करायचं ते तरी नक्की झालं असतं. तिनं टोपण लावलं पेनाला, काढलं, परत लावलं.

"आजी, खोटं नाही सांगणार. पहिल्या काही तासांत काही करून बघता येतं. बहुतेकदा तेव्हाही डोळा परत येत नाही. तुमचा आला असता की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण यायला हवं होतं, दुसऱ्या कारणासाठी. अशी गुठळी एकदा डोळ्यात झाली की तशीच मेंदूत होऊ शकते. म्हणून आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात. मान, हृदय, डोकं, सगळं तपासायचं."

म्हणजे तेवढंही मिळालं नाही मला. गेला डोळा, आणि कुणामुळं गेला याची पावतीही नाही.

बाहेर बाकावर सून शेजारी बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मला तरी सांगायचं काल."

"तुला सांगितलं असतं तर तू मला नेलं असतंस."

"मग?"

"मग काय. मग तू नेलं असतंस."

तिनं माझ्याकडे बघितलं. हसावं की रडावं, ते तिचं ठरेना. शेवटी तिनं माझ्या रुमालाची सुटलेली गाठ बांधून दिली.

मोठ्या हॉस्पिटलात पाच दिवस काढले. डोकं शाबूत निघालं. रक्त पातळ राहायच्या गोळ्या सुरू झाल्या, शिवाय नागिणीच्या, शिवाय सुजेच्या. उजवीकडची ती फट तेवढी राहिली. तिच्यातून इस्त्रीची वाफ जाताना दिसते, माणूस नाही.

महिनाभर मी घरी बसून एका डोळ्याची शिकवणी घेतली. सुईत दोरा ओवायला गेले की दोरा सुईच्या पुढं तरी जातो, मागं तरी राहतो. पाणी पेल्याच्या बाहेर पडतं. जिना उतरताना शेवटची पायरी संपली तरी पाय अजून एक पायरी शोधतो. पण मी बसणारी बाई नाही. डाव्या डोळ्याला कामाला लावलं. चाळीस वर्षं तो मिटून पडला होता आळशासारखा, आता कर म्हटलं काम. रोज जुनी चादर घेऊन रेघ मारायची, कापायची. आधी चार बोटं चुकायची, मग दोन, मग एक. महिन्याअखेरी कात्री रेघेवरून चालायला लागली. एकच अडचण होती. आमच्या टेबलावरचा दिवा उजवीकडे आहे, माझ्या उजव्या डोळ्यासाठी लावलेला. आता माझ्याच हाताची सावली रेघेवर पडते. दिवा डावीकडे हवा. दोन खिळे आणि एक वायर, एवढंच काम.

मी खाली आले तर मुलानं दाराजवळ नवीन खुर्ची आणून ठेवली होती. मऊ, हातांची. "नुसती बस तू इथं. लक्ष ठेव. आता आराम कर."

"एका डोळ्यानं लक्ष ठेवू, आणि दोन हातांनी काय करू? टाळ्या वाजवू? दिवा डावीकडे घे."

"घेतो ना. उद्या बघू."

सोमवारी म्हणाला. मंगळवारी म्हणाला. बुधवारी सून स्टूल घेऊन चढायला निघाली, तर तिला म्हणाला, "तू राहू दे, शॉक बसेल, मी करतो उद्या."

बुधवारीच तो चष्मेवाला माझी चौकशी करायला आला. खुर्चीसमोर उभा राहून म्हणाला, "वहिनी, माझ्या दोन डोळ्यांत मिळून अर्धा, तुमचा एक. दीड होतो आपण. माझ्याकडे या कापायला." मी म्हटलं, "तुमच्याकडे दिवा कुठल्या बाजूला आहे?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल त्या बाजूला." मुलगा आतून हसला. थट्टा वाटली त्याला.

गुरुवारी सकाळी ती नवीन घरवाली बाई आली, जिला मी रंग उजळ दिसेल म्हटलं होतं. तिचे पडदे तयार नव्हते. मुलगा टेबलाशी होता. हसला, हात चालू ठेवले, तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या या ताई, उद्या नक्की."

मला ते हसू ओळखीचं वाटलं. वाटणारच, माझंच होतं. बाप गेल्यावर याच टेबलामागं उभा करून मीच त्याला शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणायचं नाही. उद्या म्हणायचं. हसून म्हणायचं, हात थांबवायचा नाही, डोळ्यात बघायचं नाही. डोळ्यात बघितलं की माणूस खरं बोलून जातो. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. कपडे शिवणारे करतात, गाद्या भरणारे करतात. पोरगा हुशार, एका आठवड्यात शिकला.

बाई गेली. मी खुर्चीतून म्हटलं, "दिव्याचं काय झालं?"

तो हसला. हात चालू होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या बघू गं आई, उद्या नक्की."

मी उठले. टेबलापाशी गेले, चाचपडत नाही, मोजून, सात पावलं. माझी कात्री उचलली, फडक्यात गुंडाळली. टेप गळ्यात घातली. खडूची डबी घेतली. इस्त्रीवाले भाऊ इस्त्री उभी करून बघत राहिले.

"कुठं निघालीस?" मुलगा म्हणाला.

"समोर."

"समोर कुठं? त्या चष्मेवाल्याकडे?" आता त्याचे हात थांबले. "आई, अजून तेच धरून बसलीस का? शपथेवर सांगतो, मला खरंच वाटलं दुकानातला पडदा. मुद्दाम केलं का मी?"

त्याच्या आवाजात पाणी होतं. खोटं बोलत नव्हता, मला कळत होतं. मी दारात उभी राहिले, जिथून मी पडदे बघायची तिथंच. उजवा तर मिटलेलाच होता. डाव्यानं त्याला वरून खाली एकदा बघितलं आणि म्हटलं,

"डोळ्याचा दोष मी तुला देत नाही. डॉक्टरीण देत नाही, तर मी कोण देणारी? नागीण मला झाली, गुठळी माझ्या रक्ताची, आणि रात्रभर तोंड शिवून बसले तीही मीच. ते माझ्या पदरात. पण 'उद्या' हा शब्द मी तुला गिऱ्हाइकांसाठी दिला होता रे. तू आईला गिऱ्हाईक केलंस. मग आता हेही शिकून घे, ते शिकवायचं राहिलं होतं: गिऱ्हाईक कंटाळलं की भांडत नाही. ते समोरच्या दुकानात जातं."